त्या टोकाला मैत्रीण होती

त्या कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने जे कबूल केलं ते शब्दाला शब्द पाळलं. फाईल सात दिवसांत पुसू म्हणाली, पुसली. एकदाच डाउनलोड करून उतरवू देऊ म्हणाली, एकदाच दिली. आत काय आहे ते आम्ही स्वतःसुद्धा बघू शकत नाही म्हणाली, आणि तिने बघितलं नसणार याची मला खात्री आहे. कुठली तरी परदेशातली कंपनी, तिच्यातल्या एकाही माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही. जिचं तोंड मी तीस वर्षं पाहत आले, जिच्या ओट्याशी उभं राहून चहा प्यायले, तिने मात्र केसाने गळा कापला.

मी बँकेत होते. शेवटची बरीच वर्षं लॉकरच्या कामावर. एक किल्ली बँकेची, एक खातेदाराची. आधी आमची फिरवायची, मग त्याची, आणि आपण बाहेर येऊन उभं राहायचं. आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. या कामाने माणूस संशयी होतो असं लोकांना वाटतं. माझं उलट झालं. कुलूप चांगलं आहे एवढं बघितलं की निश्चिंत व्हायची मला सवय लागली.

मैत्रीण दुसऱ्या बँकेतली. आमची गाठ पडली बँकांच्या एकांकिका स्पर्धेत. पुढे ती दिग्दर्शन करायची आणि मी तिच्या नाटकात कामं. आमच्या तालमी रात्र झाली तरी चालायच्या, आणि घरी जाताना ती मला स्कूटरवरून सोडायची. निवृत्त झाल्यावर ती तिच्या पेठेतल्या गणपती मंडळासाठी जिवंत देखावे बसवायला लागली. मूर्तीच्या बाजूच्या मंचावर माणसं दहा-पंधरा मिनिटांचं नाटुकलं करतात; आवाज आधीच मुद्रित केलेला असतो, नट नुसते ओठ हलवतात, आणि संध्याकाळभर तेच पुन्हा पुन्हा चालतं. दुसऱ्या कुणी हे काम केलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. तिने केलं की बघण्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी तिने विषय घेतला होता विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांचा, आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरातल्या बाईचा. त्यामुळे ती माझ्याकडे येणार हे उघडच होतं.

माझ्या सासूबाईंना तो आजार होता. पाच वर्षं मी त्यांचं केलं, त्यासाठी नोकरीतून लवकर बाहेर पडले. त्या अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या, तेच अवघड होतं. चालत्याफिरत्या होत्या आणि मला ओळखत नव्हत्या. त्या जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझ्या नवऱ्याच्या लेखी ती पाच वर्षं ही आमच्या संसाराची सगळ्यात मोठी कमाई आहे. "हिने आईचं सगळं हसतमुखाने केलं," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सांगताना आवाज भरून यायचा. मी ते कधी खोडून काढलं नाही. आई अशी गेल्याचं दुःख पेलायला त्यांना तेवढा एक आधार होता, आणि तो आपल्या हाताने काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं असतं. त्या पाच वर्षांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते यांच्या कानावर जाऊ नये, एवढीच माझी काळजी होती.

मैत्रीण एका रविवारी आली. हे मित्रांबरोबर खडकवासल्याला गेले होते, जेवायच्या वेळेपर्यंत येणार नव्हते. मी खाली बसून गवार मोडत होते, तीही मोडायला बसली. "तू नुसती बोल," ती म्हणाली. "मला त्यातून लिहायचंय. खरं कसं असतं ते मला कळायला पाहिजे, बाकी काही नाही. आवाज दुसऱ्या बाईचा असणार, वाक्यंसुद्धा मी बदलणार." ध्वनिमुद्रण माझ्याच फोनवर करायचं, ही अट माझी. ती हसली. "लॉकरवाली ती लॉकरवालीच," म्हणाली.

मी बोलले. पाऊण तास तरी बोलले असेन. गवार संपली, तिने मध्ये उठून चहा केला, मी बोलतच होते. तिने एकदाही मान हलवून "कळतंय गं मला" वगैरे म्हटलं नाही, म्हणूनच मला बोलता आलं असावं. कुणाची सून, कुणाची बायको म्हणून न बोलता मी आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी जेवायला वाढताना गुणगुणत होते आणि यांनी विचारलं, आज काय विशेष.

आता ती फाईल तिच्याकडे पाठवायची. नेहमीच्या मेसेजवरून पाठवायला मी तयार नव्हते. मैत्रिणीचा फोन घरभर फिरतो, नातवंडं त्यावर गेम खेळतात. तेव्हा तिच्या सुनेने त्या कंपनीची फाईल पाठवायची सेवा सुचवली. सून आयटीत, हिंजवडीला. तिने मला फोन केला.

"काकू, ही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे. म्हणजे फाईल तुमच्या फोनमध्येच लॉक होते आणि आईंच्या फोनमध्ये उघडते. मधे सर्व्हरवर नुसता कचरा दिसतो. कंपनीकडे की-च नसते."

"आणि कंपनीच्या माणसाने ठरवलं तर?"

"ठरवलं तरी नाही ना जमणार. त्यांच्याकडे नाहीच आहे की."

"मग किल्ली असते कुठे?"

"लिंकमध्येच असते, शेवटी."

"म्हणजे लिंक ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती लॉकर."

"बरोबर आहे तुमचं. म्हणून वर पासवर्ड घाला, आणि तो लिंकबरोबर पाठवू नका. फोन करून तोंडी सांगा."

मी तिला बऱ्याच शंका विचारल्या. कंपनी कुठल्या देशातली, बंद पडली तर फाईलचं काय, पुसली म्हणजे खरंच पुसली हे कसं कळणार. पोरीने न कंटाळता उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, "काकू, एवढं तर आमचे क्लायंटपण नाही विचारत." मला त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला हवं. कंपन्यांना, दुकानदारांना, बँकांना उलटसुलट विचारायला आम्हा पुण्याच्या माणसांना शिकवावं लागत नाही. तिथे आमची जीभ चांगली चालते.

पण मैत्रिणीला मी एक प्रश्न विचारला नाही. लिहून झाल्यावर तू ही फाईल पुसशील ना, हा. जिभेवर आला होता. पण इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला असं विचारायचं म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. तिला वाईट वाटलं असतं. कंपनीला वाईट वाटत नाही, म्हणून सगळी तपासणी कंपनीची झाली.

फाईल चढवली. मुदत सात दिवस, उतरवायची परवानगी एकदा. पासवर्ड फोनवर सांगितला. संध्याकाळी मी लिंक उघडून बघितली तर फाईल आता उपलब्ध नाही अशी पाटी आली. मग मी माझ्या फोनमधली पुसली, आणि पुसलेल्या गोष्टी जिथे जाऊन पडतात तिथूनही पुसली. त्या रात्री मी फार समाधानाने झोपले.

गणपती आले. गौरी गेल्यावर देखाव्यांची गर्दी वाढते, त्या दिवसांत मैत्रिणीचा फोन आला. "दोघं या, जोडीने. पुढे खुर्च्या ठेवते." यांना कौतुक वाटलं. इस्त्रीचा झब्बा घालून निघाले. वाटेत म्हणाले, "तुझ्यावरून सुचलंय ना तिला? आईच्या निमित्ताने काहीतरी चांगलं होतंय." मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं.

आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं. मागे गर्दी, कडेला पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, भाजलेल्या कणसाचा वास. आधीचा खेळ संपून नवा सुरू झाला. मंचावर एक पलंग, एक म्हातारी, ताट घेऊन उभी असलेली सून. सुनेचं काम करणाऱ्या मुलीने ओठ हलवले, आणि चारी बाजूंच्या कर्ण्यांतून मी बोलायला लागले.

"दुपारी तिसऱ्यांदा ताट फेकलं त्यांनी. मी दार बाहेरून लावून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. म्हटलं, देवा, आता हिला ने. खोटं नाही सांगत, मनापासून म्हटलं. आणि नेलं ना, त्या दिवशी हे रडत होते, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आज झोपायला मिळेल. ह्यांनी पाच वर्षांत एकदा विचारलं नाही गं, की तू झोपतेस कधी."

माझा आवाज मला आधी ओळखूच आला नाही. कुणीतरी फार थकलेली बाई बोलते आहे एवढंच वाटलं. शेजारी बघितलं तर यांनी ओळखला होता. त्यांचा हात गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला, पण चेहरा असा झाला की मला पुढचं काही ऐकू येईना. त्यांच्या आईला देवाने न्यावं असं त्यांची बायको म्हणाली होती, आणि ते त्यांना पेठेतल्या चौकात, इतक्या लोकांच्या देखत कळलं होतं. मागे एक बाई रडत होती. चार-पाच जणांनी फोन वर धरून चित्रण चालवलं होतं. त्या चित्रणांना पासवर्ड नव्हता आणि सात दिवसांची मुदतही नव्हती.

खेळ संपला. उठावं म्हणून मी पिशवी उचलली, तर हे म्हणाले, "बस. पुन्हा लागेल ना आता?" पुन्हा लागला. त्यांनी सगळं दुसऱ्यांदा ऐकलं, समोर बघत.

मैत्रीण मंचामागून आली ती दोन्ही हात पसरून. "ऐकलंस? लोक रडतात अगं. काल एक गृहस्थ येऊन माझ्या पाया पडले."

"आवाज दुसऱ्या बाईचा असणार होता."

"केला होता. चांगली नटी होती, पण नाटकी यायचं. तुझ्या त्या 'गं'मध्ये जे आहे ना, ते कुणाला नाही येणार. नाव थोडंच घेतलंय तुझं?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. मी नाही म्हणेन हे तिला माहीत होतं, म्हणून तिने विचारलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव शोधून सापडला नाही. तिला खरंच वाटत होतं की तिने माझं काहीतरी मोठं केलं आहे. भांडायला आलेली बाई समोर असती तर मी भांडले असते, माझी जीभ काही कमी नाही. या बाईपुढे मी नुसती उभी राहिले. "उद्यापासून हा आवाज बंद," एवढं म्हणाले. ती म्हणाली, मंडळाचं बक्षीस ठरायचंय, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. मी पुन्हा तेच वाक्य म्हणाले. मग तिचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, "इतकी कोती असशील असं वाटलं नव्हतं."

रस्ते वाहनांना बंद होते, स्वारगेटपर्यंत चालावं लागलं. निम्म्या वाटेवर यांनी विचारलं, "'गं' कुणाला म्हणालीस?"

"तिला. माझ्यासमोर बसली होती."

"कधी?"

"तुम्ही खडकवासल्याला गेला होतात."

त्यांनी वाटेतली गर्दी ओलांडली. मग म्हणाले, "तू आईबद्दल काय म्हणालीस त्याचं माझं मी बघेन. मलाही दोन-चारदा तसं वाटलं होतं. पण तू ते तिला सांगितलंस. मला नाही."

यावर मी बरंच काही म्हणू शकले असते. तोपर्यंत मला वाटत होतं की दगा एकट्या माझ्याशी झाला आहे. शेजारून चालणाऱ्या माणसाला त्याच संध्याकाळी तेच वाटत होतं, माझ्याबद्दल, आणि त्याचंही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आवाज बदलल्याचा मेसेज आला. मी खात्री करायला गेले नाही. मैत्रिणीच्या सुनेचाही फोन आला. बिचारी घाबरली होती. "काकू, मी सगळं चेक केलं. सर्व्हिसमधून काही लीक नाही झालेलं."

"नाही झालेलं, बाळा," मी म्हटलं. "त्यांचं काम चोख आहे."

आणि ते खरंच आहे. अजूनही कुणी विचारलं की अशा सेवेवर कितपत विश्वास ठेवावा, तर मी सांगते, खुशाल ठेवा, आमच्या बँकेपेक्षा जास्त ठेवा. आमच्याकडे किल्ली हरवली तर लॉकर फोडता तरी यायचा. पण ते कुलूप वाटेपुरतं असतं. फाईल पोचली, उघडली, की कंपनीचं काम संपतं आणि समोरच्या माणसाचं सुरू होतं. त्या माणसाची कुणी हमी देत नाही. विचारायची हिंमत असेल तर आपणच विचारायचं असतं, आणि मला ती झाली नाही. याचा मला राग येतो, अजून येतो. तिच्यावर येतो तेवढाच.

आमच्या घरात त्यानंतर भांडण झालं नाही. भांडण परवडलं असतं. हे नेहमीसारखे चहा करायचे, माझा कप पुढे ठेवायचे, आणि पेपर उघडायचे. मी एकदा सांगायचा प्रयत्न केला की ऐकलंत ते अर्धवट होतं. त्यानंतरही मी बरंच बोलले होते. जिन्यातून उठून मी आत गेले, तर सासूबाईंनी फेकलेला भात शीत शीत वेचून पदरात घेतला होता, आणि मला म्हणाल्या होत्या, "बाई, तुम्ही जेवलात का?" त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. मी त्यांना धरून किती वेळ रडले, ते सगळं ध्वनिमुद्रणात होतं. यांच्याबद्दलही होतं. हे झोपेचं विचारत नाहीत ते उत्तराच्या भीतीने, मला तेव्हाही कळत होतं, असंही मी म्हणाले होते. देखाव्यात ते नव्हतं. लांबत होतं, म्हणून काढलं असणार.

"पूर्ण आहे का तुझ्याकडे?" यांनी विचारलं.

"नाही. पुसलं मी."

"सोयीचं आहे," ते म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

मग मी ते केलं जे करणार नाही असं ठरवलं होतं. मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे सगळं होतं. "आहे की, जपून ठेवलंय," ती म्हणाली, जणू मी आभार मानायला फोन केला होता. त्याच सेवेवरून तिने लिंक पाठवली. पासवर्ड तोंडी सांगितला, मी तिला सांगितला होता तसाच. सात दिवस मुदत, एकदाच उतरवता येईल.

मी फोन यांच्यासमोर ठेवला. "हे पूर्ण आहे. ऐका."

त्यांनी फोनकडे बघितलं, हात लावला नाही. "तिने पाठवलंय ना? एकदा कापलंच आहे तिने. आता यात काय घातलंय आणि काय काढलंय, मला काय माहीत?" मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "ते राहू दे. तूच सांग मला, काय काय बोललीस ते. सगळं सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी असं खुर्ची वळवून कधी विचारलं नव्हतं. मी हात पुसून समोर बसले. बोलायला लागले, आणि पहिल्याच वाक्यात अडखळले. मग दुसरं वाक्य मनात जुळवून बघितलं, त्यातला एक शब्द काढला, एक मऊ शब्द घातला. ते वाट बघत होते. तिच्यासमोर त्या रविवारी मी एकदाही अडखळले नव्हते.